रिकामी बाटली आणि वेचणाऱ्या हातांचा हक्क

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)





आज या व्यासपीठावरून शिक्षण, आरोग्य, नोकऱ्या अशा महत्त्वाच्या विषयांवर विचार मांडले गेले. अशा वेळी आम्ही रिकाम्या बाटलीवर बोलायला उभे राहिलो आहोत, याचे काहींना नवल वाटेल. पण पाण्याची, सरबताची किंवा दारूची बाटली रिकामी झाली की पुढे ती कोणाच्या हातात जाते, एवढा विचार केला तरी हा विषय आपल्या घरचाच आहे हे ध्यानात येईल. पहाटे खांद्यावर पोते टाकून कचराकुंडीकडे निघणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत, आणि महाराष्ट्रात त्यांतील फार मोठा भाग दलित समाजातील आहे. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेली कितीतरी कुटुंबे या कामाला लागली. आज त्यांची दुसरी-तिसरी पिढी काच, पत्रा, कागद वेचते आहे.

म्हणून आमचे म्हणणे सुरुवातीलाच स्पष्ट मांडतो. पेयाच्या प्रत्येक बाटलीवर आणि डब्यावर विक्रीच्या वेळी ठेव घेतली जावी, आणि रिकामी बाटली जो कोणी परत आणील त्याला ती ठेव रोख परत मिळावी, असा कायदा व्हावा. देशात काही ठिकाणी, काही बाटल्यांपुरते असे पाऊल पडले आहे. त्याचा विस्तार झाला पाहिजे. मात्र तो करताना वेचणाऱ्याचा हक्क कायद्यात लिहिला गेला पाहिजे. तो लिहिला गेला नाही, तर हाच कायदा आपल्या भगिनींच्या पोत्यातून बाटली काढून घेईल.

बंधू-भगिनींनो, ठेवीची ही पद्धत आपल्याला नवी नाही. येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना आरेच्या दुधाच्या काचेच्या बाटल्या आठवत असतील. रिकामी बाटली धुऊन केंद्रावर नेल्याशिवाय भरलेली बाटली मिळत नसे. सोड्याची, शीतपेयाची बाटली दुकानातच पिऊन परत करायची, आणि घरी न्यायची तर दुकानदाराकडे डिपॉझिट ठेवायचे, हा रिवाज गावोगाव होता. त्या काळी बाटली रस्त्यावर का पडत नव्हती? लोक फार शिस्तीचे होते म्हणून नव्हे. तिच्यात कोणाचे तरी पैसे अडकलेले होते म्हणून. पुढे प्लास्टिकची बाटली आली. ती वजनाला हलकी, कारखान्याला सोयीची आणि परत घेण्याची कटकट नसलेली. नफा कारखान्याकडे राहिला. रिकामी बाटली मात्र गटारात, नाल्यात आणि नदीत आली, आणि ती उचलण्याचे काम पोतेवाल्या बाईच्या वाट्याला आले.

आपल्याकडे हा रिवाज मोडला, पण परदेशात काही ठिकाणी लोकांनी तो कायद्याने टिकवला. अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने १९७१ मध्ये बाटलीचा कायदा केला आणि १९७२ च्या ऑक्टोबरपासून तो अमलात आला. टॉम मॅकॉल हे तेव्हा तेथील गव्हर्नर होते. बिअरच्या आणि शीतपेयाच्या बाटलीवर पाच सेंट ठेव घ्यायची आणि रिकामी बाटली आणली की ती परत द्यायची, एवढाच तो साधा कायदा. व्यवहारही सरळ आहे. कारखाना घाऊक व्यापाऱ्याकडून ठेव घेतो, व्यापारी दुकानदाराकडून, दुकानदार गिऱ्हाइकाकडून. बाटली उलट वाटेने परत जाते तशी ठेवही परत येते. वस्तूची किंमत वाढत नाही, कारण ठेव म्हणजे किंमत नव्हे. बाटली परत करणाऱ्याचे एक पैशाचेही नुकसान होत नाही.

या कायद्याच्या पुढच्या वाटचालीतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली अशी, की कायदा एकदा करून भागत नाही, तो वाढवावा लागतो. १९७१ साली बाटलीबंद पाण्याचा धंदा एवढा नव्हता, म्हणून पाण्याच्या बाटल्या कायद्यात नव्हत्या. ओरेगॉनने त्या २००९ पासून घेतल्या आणि २०१८ पासून चहा, कॉफी, फळांचे रस यांच्या बाटल्याही घेतल्या. न्यूयॉर्क राज्याचा कायदा १९८२ चा. तेथेही पाण्याच्या बाटल्यांचा समावेश २००९ मध्ये झाला. जर्मनीने २००३ पासून एकदाच वापरायच्या बाटल्या-डब्यांवर २५ सेंट ठेव लावली. २०२२ पासून ती जवळजवळ सर्व पेयांच्या प्लास्टिक बाटल्यांना लागू झाली आणि २०२४ पासून दुधाच्या प्लास्टिक बाटल्यांनाही.

दुसरी गोष्ट ठेवीच्या रकमेची. पाच सेंटला १९७२ मध्ये जी किंमत होती ती पुढे राहिली नाही. ओरेगॉनमध्ये २०१६ साली शंभरातल्या जेमतेम ६४ बाटल्या परत येत होत्या. पण तेथील कायद्यात एक शहाणपणाची तरतूद होती. लागोपाठ दोन वर्षे परतीचे प्रमाण ८० टक्क्यांच्या खाली राहिले, तर ठेव आपोआप दुप्पट व्हावी. त्याप्रमाणे एप्रिल २०१७ मध्ये ती दहा सेंट झाली, आणि २०१८ मध्ये शंभरातल्या ८१ बाटल्या परत आल्या. लोक तेच होते. मोठा फरक रकमेचा होता. उलट न्यूयॉर्कमध्ये १९८३ साली सुरू झालेले पाच सेंट २०२५ पर्यंत पाचच राहिले. ती रक्कम वाढावी आणि आणखी पेये कायद्यात यावीत, यासाठी तेथे विधेयके येत राहिली आहेत.

असे कायदे सहज होतात असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१४ साली पाण्याच्या आणि इतर पेयांच्या बाटल्या कायद्यात आणाव्यात की नाही यावर जनमत घेण्यात आले. पेयांच्या कंपन्यांनी आणि किराणा व्यापाऱ्यांनी विरोधात अमाप पैसा खर्च केला. शंभरातल्या सुमारे ७३ मतदारांनी 'नको' म्हटले. ज्यांची बाटली आहे त्यांना तिची जबाबदारी नको असते, हा अनुभव सर्व देशांत सारखाच आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. तामिळनाडूत निलगिरीच्या डोंगरात दारूच्या रिकाम्या बाटल्या जंगलात फेकल्या जात आणि फुटलेल्या काचांनी हत्तींचे, इतर वन्य प्राण्यांचे पाय कापले जात. हा प्रश्न मद्रास उच्च न्यायालयापुढे गेला. न्यायालयाच्या आदेशानंतर मे २०२२ पासून त्या जिल्ह्यातील सरकारी दारू दुकानांत प्रत्येक बाटलीमागे १० रुपये ठेव घेणे आणि बाटली आणल्यावर परत देणे सुरू झाले. बहुतेक बाटल्या परत येऊ लागल्या. पुढे ही योजना टप्प्याटप्प्याने इतर जिल्ह्यांत नेण्यात आली. त्याच वर्षी केदारनाथच्या यात्रामार्गावर प्लास्टिक बाटल्यांवर १० रुपये ठेवीचा प्रयोग झाला. केरळमध्ये सप्टेंबर २०२५ मध्ये तिरुवनंतपुरम आणि कन्नूर जिल्ह्यांतील काही सरकारी दुकानांत दारूच्या बाटलीवर २० रुपये ठेव सुरू झाली. आपल्या शेजारच्या गोव्याने ऑगस्ट २०२४ मध्ये अधिसूचना काढून प्लास्टिक, काच, धातू यांच्या वेष्टनांसाठी ठेव-परतीची योजना जाहीर केली.

आणि महाराष्ट्र? महाराष्ट्राने तर २३ मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेतच पाण्याच्या बाटल्या ठरावीक दराने परत घेण्याची व्यवस्था सांगितली होती. बाटलीवर एक-दोन रुपयांचा परतीचा दर छापावा, असे तिच्यात होते. कागदावर आपण निलगिरीच्याही पुढे होतो. पण आज आपल्यापैकी कोणी रिकामी बाटली घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेला, तर त्याच्या हातावर रुपया पडेल काय? दुकानदार त्याच्याकडे पाहतच राहील. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये प्लास्टिक वेष्टनांच्या उत्पादकांची जबाबदारी ठरवणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांतही ठेव-परतीचा उल्लेख आहे. पण तो कसा आहे? उत्पादक अशी योजना 'राबवू शकतात', असा. बंधू-भगिनींनो, 'राबवू शकतात' आणि 'राबवलीच पाहिजे' या दोहोंत जे अंतर आहे, त्या अंतरात आपल्या नद्या-नाले तुंबले आहेत.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

एक लिटर पाण्याची रिकामी बाटली साधारण २० ते २५ ग्रॅम भरते. म्हणजे एक किलोसाठी ४० ते ५० बाटल्या वेचाव्या लागतात. वेचणाऱ्या बाईला भंगारच्या दुकानात पैसे मिळतात ते किलोवर. तो दर ती ठरवत नाही. बाजार पडला की दर पडतो. ओला माल, घाण माल म्हणून कटती वेगळी. अडीनडीला त्याच दुकानदाराकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे दुसऱ्या दुकानात जायची सोय राहत नाही. आता समजा, प्रत्येक बाटलीवर २ रुपये ठेव आहे. मग त्याच ४० बाटल्यांचे ८० रुपये झाले. वजन नाही, कटती नाही, मर्जी नाही. बाटली मोजायची आणि पैसे घ्यायचे. म्हणून हा कायदा आपल्या वस्तीसाठी पर्यावरणाचा आहे तितकाच मजुरीचाही आहे.

पण याची दुसरी बाजू डोळ्यांआड करून चालणार नाही. आज बाटली फेकलेली आहे म्हणून ती वेचणाऱ्याची आहे. उद्या तिला दहा रुपये मोल आले की तिच्यावर अनेकांची नजर जाईल. मोठ्या सोसायटीचा रखवालदार बाटल्या बाजूला काढील. हॉटेलवाला स्वतः जमा करील. कंपनी मॉलमध्ये यंत्र बसवील आणि पैसे फक्त मोबाइलवर देईल. पोते घेतलेल्या बाईला त्या मॉलच्या दारातून आत कोण सोडणार? जिच्याकडे बँकेचे खाते नाही तिला पैसे कसे मिळणार? उन्हात पडून बाटलीवरची खूण पुसली गेली तर यंत्र ती नाकारील. अशा रीतीने चांगला कायदाही गरिबाच्या पोटावर येऊ शकतो. आज तिला थोडे मिळते, उद्या तेही जाईल.

हे टाळता येते, याचा दाखला न्यूयॉर्क शहरातच आहे. तेथे रस्त्यावरचे डबे-बाटल्या गोळा करून ठेवीच्या पैशांवर गुजराण करणारे हजारो गरीब लोक आहेत. बाटली कोणी विकत घेतली होती, हे तेथील कायदा विचारत नाही. जो आणील त्याला पैसे. ब्रुकलिनमध्ये 'शुअर वी कॅन' नावाचे एक केंद्र या वेचणाऱ्यांसाठीच चालते. तेथे ते माल निवडतात, मोजतात आणि आपले पैसे घेऊन जातात. जर्मनीतही बाटली कचरापेटीत न टाकता पेटीच्या बाजूला उभी करून ठेवण्याची रीत अनेकांनी अंगीकारली आहे, ती वेचणाऱ्याला पेटीत हात घालावा लागू नये म्हणून. संपन्न देशातही म्हाताऱ्या माणसांना बाटल्या वेचाव्या लागतात, ही गोष्ट भूषणाची नाही. पण वेचणाऱ्याची आठवण ठेवणारी ती रीत चांगली आहे.

आपल्याकडे तर याहून भक्कम पाया आहे. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. वेचणाऱ्या स्त्रियांना ओळखपत्रे मिळाली. २००८ पासून त्यांचीच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. कचरा वेचणारी बाई ही चोर नाही, भिकारी नाही, ती शहराची कामगार आहे, हे त्या चळवळीने सिद्ध केले. २०१६ च्या केंद्रीय घनकचरा नियमांतही वेचकांची नोंद करून त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याची तरतूद आली. मग बाटलीच्या कायद्यात त्यांना जागा का नसावी?

येथे आम्हाला इतिहासातील एका प्रसंगाचे स्मरण करून द्यावेसे वाटते. महार वतनात आपल्या वाडवडिलांनी सरकारचे आणि गावाचे काम करायचे आणि मोबदला म्हणून बलुते घ्यायचे, अशी रीत होती. बलुते द्यायचे की नाही, किती द्यायचे, हे देणाऱ्याच्या मर्जीवर. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. कामाचा मोबदला कोणाच्या मर्जीवर राहू नये, तो कायद्याने ठरावा, हा त्या विधेयकाचा गाभा होता. ते त्या वेळी मंजूर झाले नाही, परंतु विचार खोटा ठरला नाही. भंगारच्या तराजूवरची मर्जी आणि खळ्यावरची मर्जी यांत आम्हाला फार फरक दिसत नाही. म्हणून बाटलीचे पैसे दया म्हणून नकोत, हक्क म्हणून हवेत.

या दृष्टीने आमच्या मागण्या पाच आहेत.

पहिली, ठेव सर्व पेयांवर हवी. दारू, पाणी, शीतपेय, रस, कोणतेही असो, आणि बाटली काचेची, प्लास्टिकची असो की डबा पत्र्याचा असो. एका जिल्ह्यात कायदा आणि शेजारच्या जिल्ह्यात नाही, असे नको.

दुसरी, बाटली आणणाऱ्याला पावती, पत्ता, खाते न विचारता रोख पैसे मिळावेत. मोबाइलवर हवे त्याने मोबाइलवर घ्यावेत.

तिसरी, परतीची केंद्रे वस्त्यांजवळ असावीत आणि ती चालवण्याचा पहिला हक्क वेचकांच्या सहकारी संस्थांचा असावा. बाटली मोजणे, साठवणे, पाठवणे याला खर्च येतो. न्यूयॉर्कमध्ये बाटली परत घेणाऱ्याला प्रत्येक नगामागे साडेतीन सेंट हाताळणी शुल्क मिळते. तसे शुल्क उत्पादकांनी येथेही द्यावे. तामिळनाडूत दारू दुकानांतील कर्मचाऱ्यांनी जागा अपुरी आणि कामाचा बोजा वाढतो अशी तक्रार केली, ती खोटी म्हणता येणार नाही. त्याला उत्तर स्वतंत्र केंद्रे हेच आहे.

चौथी, परत न आलेल्या ठेवीचा हिशेब द्यावा. समजा २ रुपयांच्या ठेवीच्या शंभर बाटल्या विकल्या आणि सत्तर परत आल्या, तर ६० रुपये शिल्लक राहिले. हे पैसे कंपनीचे नव्हेत. मिशिगन आणि न्यूयॉर्क राज्यांत अशा रकमेचा मोठा भाग सरकारजमा होतो. आपल्याकडे तो वेचकांचा विमा, औषधोपचार आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी वेगळा ठेवावा.

पाचवी, ठेवीची रक्कम महागाईप्रमाणे वाढण्याची तरतूद कायद्यातच असावी. नाही तर दहा वर्षांनी रुपयासाठी कोणी वाकणार नाही.

यावर कोणी म्हणेल, की गरिबाला पाण्याची बाटली महाग पडेल. ठेव परत मिळते, हे आम्ही सांगितलेच आहे. शिवाय सार्वजनिक नळाला स्वच्छ पाणी आले तर गरिबाला बाटली घ्यावीच लागणार नाही. ती मागणी आपण सोडलेली नाही. आणखी कोणी म्हणेल, की आपल्या मुलींनी बाटल्या वेचण्याचा हक्क मागावा काय? शाळा-कॉलेजचा हक्क मागू नये काय? हा प्रश्न मोलाचा आहे. आपल्या मुलींच्या हातात पोते नव्हे, पुस्तक असावे, हेच आपल्या संस्थेचे ध्येय आहे. पण आज जी आई वेचते आहे, तिच्या दिवसाच्या कमाईत भर पडली तरच तिची मुलगी शाळेत टिकेल. आईची मजुरी आणि मुलीचे पुस्तक यांत विरोध नाही.

शेवटी, सरकारकडे मागणी करताना आपणही काही करू शकतो. जयंतीच्या मिरवणुकीत, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर लाखो अनुयायी येतात आणि पाण्याच्या बाटल्यांचा खच पडतो. आपल्या संस्थेच्या पाणपोईवर आणि स्टॉलवर येत्या जयंतीपासून बाटलीमागे ५ रुपये ठेव घ्यावी, परत आणणाऱ्याला ते द्यावेत आणि जमलेला माल वस्तीतील वेचक भगिनींच्या गटाकडे सोपवावा, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवीत आहोत. त्याचबरोबर वरील पाच मागण्यांचा ठराव या सभेने करावा आणि तो आपल्या आमदारांकडे, पर्यावरणमंत्र्यांकडे आणि महानगरपालिकेकडे पाठवावा. ठरावाची प्रत नेणाऱ्या शिष्टमंडळात वेचक भगिनी पुढे असाव्यात. ज्यांचा प्रश्न त्यांनीच बोलावे, आपण पाठीशी उभे राहावे.



जय भीम!